आब्लार : एका आज्ञाधारक क्रियापदाची बखर

बखरी राजांच्या असतात, सरदारांच्या असतात, फार तर एखाद्या किल्ल्याची असते. क्रियापदाची बखर कोणी लिहिली आहे असे ऐकिवात नाही. त्यातही ते क्रियापद स्पॅनिश भाषेतले, आणि पुन्हा असे की ज्याच्या अंगी काही खोड नाही, वाकडी चाल नाही. पहिल्याच धड्यात येते आणि शिक्षक चालवतील तसे मुकाट्याने चालते. 'आब्लार' हे ते क्रियापद. अर्थ 'बोलणे'. दिवाळीच्या फराळात हा व्याकरणाचा खडा कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु मी शाळेत मुलांकडून क्रियापदे चालवून घेणारा माणूस, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. माझा अनुभव असा की ज्या मुलाची कधी तक्रार येत नाही, त्याच्या घरची हकीकत बहुधा सर्वांत ऐकण्यासारखी असते. व्रात्य मुलाविषयी सगळेच बोलतात. स्पॅनिशमध्ये 'जाणे' या अर्थाचे 'इर' हे क्रियापद तीन निरनिराळ्या लॅटिन क्रियापदांची रूपे उसनी घेऊन आपला संसार चालवते; म्हणून पंडितांनी त्याच्यावर पानेच्या पाने खर्ची घातली. आब्लारकडे मात्र कोणी वळून पाहत नाही.

त्याची वर्तमानकाळाची रूपे अशी : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. म्हणजे मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, ते बोलतात. कर्ता निराळा सांगावा लागत नाही, तो प्रत्ययातच दडून बसलेला असतो. आघाताचे महत्त्व मात्र फार. 'आब्लो'मधल्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो'. तोच जोर शेवटच्या अक्षरावर गेला की 'तो बोलला'. जिभेच्या एका हेलकाव्याने माणूसही बदलला आणि काळही बदलला.

काळांची आणि अर्थांची गणती केली तर केवळ साध्या रूपांची चोपन्न घरे भरतात. साहाय्यक क्रियापद घेऊन होणारी संयुक्त रूपे आणि आज्ञार्थ त्यात धरलेले नाहीत. येथे 'अर्थ' हा शब्द मी आपल्या मराठी व्याकरणातला वापरतो आहे. बोलणारा घडलेली गोष्ट सांगतो, हुकूम देतो, इच्छा करतो की 'असे झाले असते तर' म्हणतो, हे ज्यावरून कळते तो क्रियापदाचा अर्थ. आपल्याकडे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार सांगतात. स्पॅनिशमध्ये स्वार्थ आणि आज्ञार्थ आहेतच. उरलेल्या दोहोंचे बरेचसे काम 'सुबहुंतिवो' नावाचा एकच अर्थ करतो. त्याला आपण इच्छार्थ म्हणू. आपल्या घरात जसे एकच पीठ सोऱ्यात घालून चकती बदलली की कधी शेव पडते, कधी चकली, तसेच हे. धातू एक, चकत्या अनेक. फरक इतकाच की सोऱ्याच्या चकत्या तांबटाने एकदा ठोकून दिलेल्या असतात, आणि या चकत्यांची भोके मात्र शतकानुशतके तोंडातोंडांत घासून बदलत आली.

खुद्द धातूचेच पाहा. लॅटिनमध्ये 'फाबुलारी' म्हणजे गोष्टी सांगणे, गप्पा मारणे. रोमन लोकांचा नेहमीचा, प्रतिष्ठित 'बोलणे' हा शब्द दुसराच होता. स्पेनमध्ये टिकला तो हा गप्पांचा. त्याचे जुन्या कास्तील्यी भाषेत 'फाब्लार' झाले. पुढे 'फ'चा 'ह' झाला, आणि कालांतराने तो 'ह'ही मुका झाला. लिहिताना तो अजून लिहितात, बोलताना कोणी बोलत नाही. बोलण्याच्या क्रियापदानेच आपले पहिले अक्षर गिळून टाकावे ही गंमतच म्हणायची.

आता बखरीतले मुख्य वर्ष. १४९२ साल स्पेनच्या इतिहासात इतके गच्च भरलेले आहे की कादंबरीकाराने तसे लिहिले तर टीकाकार त्याला अतिशयोक्तीबद्दल धारेवर धरतील. २ जानेवारीला ग्रनाडाचे शेवटचे मुसलमानी राज्य पडले. ३१ मार्चला ज्यूंनी धर्म तरी सोडावा नाही तर देश सोडावा, असे फर्मान निघाले. ३ ऑगस्टला कोलंबस पालोस बंदरातून निघाला. आणि १८ ऑगस्टला, तो अजून कनारी बेटांच्या परिसरातच असताना, सालामांका शहरात एक लहानसे पुस्तक छापून पुरे झाले : 'कास्तील्यी भाषेचे व्याकरण'. कर्ता अंतोनियो दे नेब्रिखा.

नेब्रिखा इटलीतल्या बोलोन्या येथे शिकून आलेला लॅटिनचा प्रकांड पंडित. त्याचे लॅटिन व्याकरण १४८१ साली निघाले होते आणि चांगले खपतही होते. परंतु लोकांच्या चालू बोलीचे, बाजारात आणि माजघरात बोलल्या जाणाऱ्या भाषेचे व्याकरण लिहायचे ही कल्पना त्या काळी चमत्कारिक होती. जी भाषा आईच्या मांडीवर येते तिचे नियम कशाला शिकायचे? पुस्तक त्याने इसाबेल राणीला अर्पण केले, आणि प्रस्तावनेत एक हकीकत सांगितली आहे. त्याने नमुना दाखवला तेव्हा राणीने विचारले, याचा उपयोग काय? उत्तर द्यायला नेब्रिखाला तोंड उघडावेच लागले नाही. आव्हिलाचे बिशप जवळ होते. ते म्हणाले, महाराणी परभाषी लोकांना आपल्या अमलाखाली आणतील तेव्हा त्या लोकांना जेत्याचे कायदे घ्यावे लागतील, आणि कायद्यांबरोबर जेत्याची भाषाही. ती त्यांना या पुस्तकावरून शिकता येईल. साम्राज्य आणि भाषा हातात हात घालून चालतात, असे खुद्द नेब्रिखाचेही मत त्याच प्रस्तावनेत आहे.

क्रियापदांचा तक्ता येथे एकदम शस्त्रागारात जाऊन बसला, असे हे वाचताना वाटते. परंतु माणसे आपल्याच वाक्यांपेक्षा मोठी निघतात, कधी लहानही. हे बिशप म्हणजे एर्नांदो दे तालावेरा. पुढे ते ग्रनाडाचे पहिले आर्चबिशप झाले. तेथे जिंकलेली प्रजा अरबी बोलणारी. तालावेरांनी आपल्या पाद्र्यांना सांगितले, तुम्ही अरबी शिका. त्यांच्याच प्रेरणेने पेद्रो दे आल्काला याने अरबीचे व्याकरण रचले. ते १५०५ साली ग्रनाडात छापले गेले. म्हणजे जेत्याची भाषा जितांनी शिकावी असे राणीपुढे म्हणणाऱ्या गृहस्थानेच पुढे उलटी शिकवणी लावली! म्हातारपणी धर्मन्यायालयाचा ससेमिरा त्यांच्याही मागे लागला आणि १५०७ साली ते वारले. नेब्रिखाच्या पुस्तकाचे म्हणाल, तर साम्राज्याला त्याची फारशी गरज भासलेली दिसत नाही. अठराव्या शतकापर्यंत त्याची दुसरी आवृत्ती निघाली नाही.

त्या पुस्तकाचा पाचवा भाग परभाषी लोकांसाठी आहे, आणि क्रियापदांचे तक्ते त्यात आहेत. नमुन्याला क्रियापदे घेतली ती 'प्रेम करणे', 'वाचणे' आणि 'ऐकणे' या अर्थांची. लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार वर्ग होते, कास्तील्यीत तीनच उरले, हे त्याने नेमके टिपले. काळांना नावे दिली ती साध्या देशी शब्दांची : 'न संपलेला भूत', 'संपलेला भूत' आणि 'संपल्याहूनही अधिक संपलेला भूत'. हे शेवटचे नाव मला फार आवडते. बोलून झाले, विसरून झाले, त्याच्याही मागचे! परंतु अर्थ मोजताना त्याचा हात लॅटिन पोथीकडे गेला आणि त्याने पाच अर्थ सांगितले, जरी त्यांतल्या काहींची रूपे एकमेकांचीच होती. साचा जुना आणि पीठ नवे, अशी ही अडचण.

तरीही एक गोष्ट त्याने अशी पाहिली की तेवढ्याकरिता त्याला शंभर गुन्हे माफ करावेत. भविष्यकाळाची रूपे घ्या : आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारान, आघात प्रत्ययावर. आता 'आबेर' या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपे घ्या : ए, आस, आ, एमोस, आन. 'आबेर'चा जुना अर्थ 'जवळ असणे'. एका खाली एक मांडली की लहान पोरालाही कळेल : 'आब्लार' अधिक 'ए' म्हणजे आब्लारे. 'मला बोलणे आहे' याचेच घासून 'मी बोलेन' झाले. लॅटिनचा स्वतःचा भविष्यकाळ लोकांनी टाकून दिला आणि 'मला अमुक करणे आहे' या घरगुती बोलण्यातून नवा उभा केला. जुन्या कास्तील्यीत हे दोन तुकडे अजून सुटे होत असत. 'देणे–तुला–आहे मला' असा मधे सर्वनामाचा शिरकाव चालत असे. त्याच रीतीने 'आबेर'चा भूतकाळ जोडून 'आब्लारिआ' झाले : 'मी बोललो असतो', 'मी बोलेन असे तेव्हा होते'. भविष्य म्हणजे काय, तर आज अंगावर असलेले देणे. हे तत्त्वज्ञान कोणा ऋषीने सांगितलेले नाही, कणसे खुडणाऱ्या आणि मेंढ्या राखणाऱ्या लोकांनी नकळत प्रत्ययात बांधून ठेवले.

असेच आपल्याकडेही झाले आहे, म्हणून थोडे घराकडे वळतो. ज्ञानदेवांच्या काळी 'करी' म्हणजे 'तो करतो'; साधा वर्तमानकाळ. पुढे 'करीत आहे', 'करतो' अशी नवी रूपे आली आणि जुन्या 'करी'ला घर सोडावे लागले. ते गेले कोठे? भूतकाळात. 'आजोबा पहाटे उठून पूजा करी' किंवा 'ती रोज देवळात जाई' असे आपण म्हणतो तेव्हा तो रीतिभूतकाळ असतो. त्याच 'करी'ला 'ल' जोडून भविष्यकाळ झाला : करील. एकाच म्हाताऱ्या वर्तमानकाळाची एक शाखा मागे गेली आणि एक पुढे. म्हणींना मात्र या स्थलांतराची खबर नाही. 'खाई त्याला खवखवे', 'देव तारी त्याला कोण मारी' यांत तो अजून जागच्या जागी बसला आहे.

आब्लारच्या घरातला असा परागंदा झालेला भाऊ म्हणजे 'आब्लारा', मधल्या 'ला'वर आघात असलेला. लॅटिनमध्ये हे निव्वळ स्वार्थाचे रूप होते : 'मी बोललो होतो'. नेब्रिखाचा तो 'संपल्याहूनही अधिक संपलेला' काळ मुळात यानेच दाखवला जाई. पुढे 'आबेर'च्या मदतीने 'आबिआ आब्लादो' असे नवे जोडरूप आले आणि त्याची जागा घेऊन बसले. म्हातारा बेकार झाला. मग तो 'जर-तर'च्या वाक्यांत शिरला : 'जर मी बोललो असतो...' आणि तेथून हळूहळू पुरता इच्छार्थाच्या बिऱ्हाडी गेला. तेथे आधीच 'आब्लासे' नावाचे भावंड होते, तेही लॅटिनकडूनच आलेले. आज दोघेही एकाच खोलीत राहतात; स्पॅनिश अमेरिकेत तर 'आब्लारा'ने 'आब्लासे'ला जवळजवळ हुसकावूनच लावले आहे. ज्या रूपाने घडून गेलेली, पुन्हा न बदलणारी गोष्ट सांगितली जात असे, त्यानेच आता कधी न घडलेली गोष्ट सांगितली जाते. एखादा साक्षीदार कवी व्हावा तसे हे झाले.

याची सख्खी चुलत बहीण गोव्यात येऊन गेली. पोर्तुगीज भाषेत हेच क्रियापद 'फालार' असे आहे, तेच गप्पांचे 'फाबुलारी'. आणि तेथे 'फालारा' हे रूप अजून ग्रंथांतून जुन्याच अर्थाने, 'बोलला होता' म्हणून, भेटते. १९६१ सालापूर्वी पोर्तुगीज शाळांत शिकलेल्या गोमंतकीयांनी फालो, फालास, फाला हे पाठ म्हटलेले आहेत. उलट दिशेची शिकवणीही गोव्यात झालीच. १५७९ साली तेथे आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स, मराठीत क्रिस्तपुराण रचणारे आपले फादर स्टीफन्स, यांनी कोंकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते १६४० साली, त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, रायतूरला छापले गेले. तिकडे पेरूमधल्या केचुआ भाषेचे व्याकरण दोमिंगो दे सांतो तोमास याने १५६० सालीच छापून घेतले होते. मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेला तर स्पेनच्या राजाने १५७० साली तेथील रहिवाशांची राजभाषा म्हणून मान्यता दिली होती. पुढे १७७० साली दुसऱ्या एका राजाने फक्त कास्तील्यीच चालेल असा हुकूम काढला, ही गोष्ट वेगळी. या सगळ्या धर्मोपदेशकांच्या हाती लॅटिनचा सोऱ्या होता. कोंकणी असो की केचुआ, पीठ त्यातच दाबायचे. काही ठिकाणी चकली मोडली, परंतु त्यामुळे त्या भाषांचे लिखित रूप टिकले हेही नाकारता येत नाही.

इच्छार्थाची गोडी मराठी माणसाला लवकर लागावी. 'मला स्पॅनिश बोलतो असा माणूस हवा' आणि 'मला स्पॅनिश बोलेल असा माणूस हवा', या दोन वाक्यांतला फरक आपल्याला सांगावा लागत नाही. पहिला माणूस कोठेतरी आहे, माझ्या ओळखीचा आहे. दुसरा असेल नसेल. स्पॅनिश माणूस पहिल्या वाक्यात 'आब्ला' म्हणतो, दुसऱ्यात 'आब्ले'. नुसता 'आ'चा 'ए' केला की माणूस जगातून उचलून मनात नेऊन ठेवला. 'तू बोलावेस अशी माझी इच्छा आहे' येथेही 'आब्लेस'. या अर्थाला एक भविष्यकाळही होता : 'आब्लारे', पुन्हा 'ला'वर आघात. 'जो कोणी बोलेल त्याला...' अशा वाक्यांत तो शोभत असे. बोलण्यातून तो कधीच उठून गेला. राहिला तो दोनच ठिकाणी, कायद्याच्या कलमांत आणि म्हणींत. 'जेथे जाशील तेथे जे पाहशील ते कर', या आपल्या 'देश तसा वेश'च्या जुळ्या म्हणीत स्पॅनिश लोक अजून तीच रूपे म्हणतात. वकील आणि आजीबाई, दोघेही जुनी भांडी फेकून देत नाहीत.

परंतु या चोपन्न घरांतली खरी भांडणे काळांवरून झाली नाहीत. ती झाली दुसऱ्या पुरुषावरून. समोरच्या माणसाला काय म्हणायचे यावरून.

स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात. हा योगायोग नव्हे. फार मागे गेले तर दोन्ही एकाच मुळापाशी पोचतात. जुन्या काळी मानाने बोलायचे ते 'वोस', आपले 'तुम्ही'. राजाला वोस, बापाला वोस. मग जो तो वोस म्हणू लागला आणि त्याची किंमत उतरली. मानासाठी नवा शब्द निघाला 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा'. तिच्याशी बोलायचे तर क्रियापद तृतीयपुरुषी. जणू त्या गृहस्थाशी नव्हे, त्याच्या कृपेशी बोलणे चालले आहे. आपल्या 'मायबाप सरकारने ऐकावे'ची आठवण होते. सतराव्या शतकापर्यंत घासून घासून तिचे 'उस्तेद' झाले. अनेकांना उद्देशून वापरायच्या वोसला 'ओत्रोस' म्हणजे 'इतर' हा शब्द चिकटला आणि 'वोसोत्रोस' झाले. आणि एकट्याला 'वोस' म्हणणे स्पेनच्या दरबारी वर्तुळात इतके हलके ठरले की त्यावरून तलवारी उपसल्या जाव्यात.

हा खेळ चालू होण्यापूर्वीच जे घराबाहेर पडले, त्यांच्या तक्त्यात उस्तेद नाही. १४९२च्या फर्मानाने देशोधडीला लागलेले ज्यू सालोनिका, इस्तंबूल, इझमीर अशा शहरांत गेले. जाताना घराच्या किल्ल्या नेल्या असे सांगतात. भाषा तर नेलीच नेली. त्यांच्या बोलीत मान द्यायचा तो अजून 'वोस' म्हणूनच. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. स्पेनमध्ये 'आब्लामोस' म्हणजे 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो'ही. दोहोंचे रूप एकच. परदेशी विद्यार्थी येथे हमखास अडतो. या परागंदा लोकांनी ती गाठ सोडवली : 'आव्लामोस' म्हणजे बोलतो, 'आव्लिमोस' म्हणजे बोललो. पाठीशी विद्यापीठ नाही, अकादमी नाही. बायकांनी चुलीपुढे आणि हमालांनी धक्क्यावर बोलता बोलता तक्त्यातला दोष काढून टाकला. व्याकरणकारांना हे रूप अशुद्ध वाटले असेल. मला ते फार शहाणपणाचे वाटते. १९४३ साली नाझींनी सालोनिकातले बहुतेक सारे ज्यू आगगाड्यांत कोंबून आउश्विट्झला नेले. 'आव्लिमोस' म्हणणारे एक गावच्या गाव त्या काही महिन्यांत मुके झाले.

वोसची दुसरी स्वारी जहाजांतून अमेरिकेला गेली. मेक्सिको आणि लिमा येथे राजप्रतिनिधींचे दरबार होते. तेथे माद्रिदची नवी रीत लवकर पोचली आणि वोस मागे पडला. बुएनोस आइरेससारख्या दूरच्या, त्या काळी आडबाजूच्या मुलखात तो राहिला. मानाचा म्हणून नव्हे, तर जिव्हाळ्याचा म्हणून. 'वोस आब्लास', पण आघात शेवटच्या अक्षरावर. आज्ञा करायची तर 'आब्ला', तीही शेवटी जोर देऊन. उलट 'वोसोत्रोस आब्लाइस' हे पाचवे घर अमेरिकेत रिकामेच पडले. अनेकांना तेथे 'उस्तेदेस आब्लान' म्हणतात. तरीही शाळेतल्या तक्त्यात ते घर असते आणि मुले ते पाठ करतात. जे रूप उभ्या जन्मात तोंडातून निघायचे नाही ते घोकायचे, आणि जे रूप आई हाक मारताना वापरते त्याला तक्त्यात जागा नाही! शिक्षक म्हणून मला या ठिकाणी थोडे अस्वस्थ व्हायला होते. खेड्यातून आलेला मुलगा वर्गात घरचे क्रियापद बोलतो आणि सगळा वर्ग हसतो, हे दृश्य काही एकट्या बुएनोस आइरेसचे नाही.

या तक्त्याला हात घालणारा पहिला मोठा अमेरिकन म्हणजे आंद्रेस बेल्यो. जन्म काराकासचा, १७८१ सालचा. बोलिव्हारला त्याने काही काळ शिकवले होते. १८१० साली नव्या सरकारच्या वतीने बोलिव्हारबरोबर तो लंडनला गेला आणि तेथे एकोणीस वर्षे अडकला. गरिबी, शिकवण्या, आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून जुन्या कास्तील्यी काव्याचा अभ्यास. १८२९ साली चिलीने बोलावून घेतले. तेथील विद्यापीठाचा तो पहिला कुलगुरू. तेथील दिवाणी कायदाही त्यानेच रचला, आणि त्यात तो मेलेला इच्छार्थी भविष्यकाळ पानोपानी जिवंत ठेवला.

१८४१ साली वाल्पाराइसो येथे त्याचा एक छोटा ग्रंथ निघाला, केवळ कास्तील्यी क्रियापदांच्या काळांवर. १८४७ साली मोठे व्याकरण आले. त्याच्या नावातच लिहिले होते की हे अमेरिकनांच्या उपयोगासाठी आहे. नेब्रिखाने तक्ता लिहिला तो जिंकलेल्यांनी शिकावा म्हणून. बेल्योने लिहिला तो सुटलेल्यांनी आपला म्हणावा म्हणून. मधे साडेतीनशे वर्षे. लॅटिनचा साचा त्याने स्पष्टपणे बाजूला ठेवला. काळांची नावे त्याने हिशेबासारखी केली. मूळ तीन : वर्तमान, भूत, भविष्य. त्यांच्यापुढे तीन उपपदे : 'अगोदर', 'सोबत' आणि 'नंतर'. 'तो आला तेव्हा मी बोलत होतो', येथे 'आब्लाबा' हा 'सोबतचा भूत'. 'मी बोलेन असे तो म्हणाला', येथे 'आब्लारिआ' हा 'नंतरचा भूत', कारण म्हणणे भूतात झाले आणि बोलणे त्याच्या पुढचे. नाव ऐकले की काळाचे स्थान कळते. स्पेनच्या अकादमीने मात्र 'आब्लारिआ'साठी निराळा शक्यतेचा अर्थ मानला होता. तो सोडून त्याला स्वार्थात आणायला तिला १९७३ साल उजाडावे लागले. बेल्यो ते शतकाहून अधिक काळ आधी सांगून गेला होता. मेक्सिकोच्या शाळांत तर त्याचीच नावे रुजली.

पण याच बेल्योने १८३३–३४ साली चिलीच्या वर्तमानपत्रात लेख लिहून घराघरांतल्या 'वोस'वर कोरडे ओढले. लॅटिन जशी फुटून अनेक भाषा झाल्या तसे स्पॅनिशचे होईल, ही त्याला धास्ती होती. ती खोटी नव्हती. नव्या राष्ट्रांना एकमेकांची पत्रे वाचता यायला हवी होती. तरीही ज्याने माद्रिदकडून तक्ता सोडवून आणला त्यानेच शेजारणीच्या तोंडातले रूप बाहेर ठेवले, हे मला खटकते. चिलीत शिकलेल्या लोकांनी त्याचे ऐकले. आर्जेन्टिनात शाळांनी पुष्कळ प्रयत्न केले, पाठ्यपुस्तकांतली मुले एकमेकांशी 'तू' म्हणून बोलत राहिली, आणि मधल्या सुट्टीत खरी मुले 'वोस' म्हणत राहिली. १९६४ साली किनो नावाच्या व्यंगचित्रकाराने माफाल्दा नावाची एक चिमुरडी काढली. सूपाचा तिटकारा आणि जगाची काळजी असलेली ही पोर वर्तमानपत्रात सर्रास 'वोस'चीच क्रियापदे बोलत असे, आणि सारा देश रोज ती वाचत असे.

१९८२ साली आर्जेन्टिनाच्या साहित्य अकादमीने वोसची ही रूपे शिष्टसंमत असल्याचे मान्य केले. आज माद्रिदच्या अकादमीचा कोश उघडून आब्लारचा तक्ता काढला तर दुसऱ्या ओळीत 'तू / वोस' असे लिहिलेले असते, आणि पुढे दोन रूपे शेजारी शेजारी, अक्षरे तीच, फक्त दुसऱ्यातल्या शेवटच्या 'आ'वर आघाताची एक बारीक तिरकी रेघ. 'आव्लिमोस'ला मात्र त्या तक्त्यात घर नाही.